नासरेथचें घर आणि आपलीं मुलें

(शास्त्रपाठ : लूक २ : ४१–५२)



आपल्या प्रभूच्या बाल्याविषयीं शुभवर्तमानांत फार थोडें लिहिलें आहे. बारा वर्षांचा असतां तो आईबापांबरोबर वल्हांडण सणासाठीं यरुशलेमेस गेला, मंदिरांत गुरुजनांच्या मध्यें बसला, आणि त्याचीं उत्तरें ऐकून सर्व थक्क झाले, ही गोष्ट आपणांपैकीं बहुतेकांस तोंडपाठ आहे. रविवारच्या शाळेंत ती आपण मुलांस आवडीनें सांगतों. परंतु तिचा शेवट सांगण्यास आपण बहुधा विसरतों. लूक लिहितो कीं, हा मुलगा आईबापांबरोबर नासरेथास परत गेला आणि त्यांच्या आज्ञेंत राहिला. त्यानंतर तो सुमारें तीस वर्षांचा होईपर्यंत शास्त्र त्याच्याविषयीं मौन धरितें (लूक ३ : २३). मंदिरांतले दिवस दोनतीन आणि घरांतलीं वर्षें सुमारें अठरा, असा हा हिशेब आहे. देवाच्या पुत्रानें आपल्या पृथ्वीवरील आयुष्याचा मोठा भाग घरांत काढिला, ही गोष्ट आपण मनांत नीट धरिली पाहिजे.

त्या घरांत तो काय करीत होता? मार्काच्या सहाव्या अध्यायांत गांवचे लोक त्यास सुतार म्हणून ओळखतात (मार्क ६ : ३). त्याच वचनांत याकोब, योसे, यहूदा व शिमोन ह्या चार भावांचीं नांवें आहेत, आणि बहिणींचाही उल्लेख आहे. म्हणजे त्या घरांत सातांहून कमी मुलें नव्हतीं. कमावणारे हात थोडे, खाणारीं तोंडें पुष्कळ. अशा घराची रीत आपणांस कोणी सांगावयास नको. नासरेथ गांवीं एक जुना झरा आहे. त्यास आजही मरीयेची विहीर म्हणतात. प्रभूनें तेथून पाणी वाहिलें असें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं, आणि जें लिहिलेलें नाहीं तें लिहिलें आहे असें आपण म्हणूं नये. परंतु आईबापांच्या आज्ञेंत राहणारा वडील मुलगा, इतकीं भावंडें असलेल्या गरीब घरांत, हात जोडून बसून राहिला असेल काय? ह्याचें उत्तर आपल्यांतील कोणतीही आई देईल.

त्याच्या उपदेशावरूनही हें दिसून येतें. तीन मापें पिठांत खमीर कालविणारी बाई, हरवलेल्या एका नाण्यासाठीं दिवा लावून सारें घर झाडणारी बाई, जात्यावर दळीत बसलेल्या दोघीजणी, जुन्या वस्त्राला लाविलेलें नव्या कापडाचें ठिगळ, बेचव झालेलें मीठ, दिवठणीवरचा दिवा, हे सर्व दाखले त्याच्या मुखांतून निघाले. विद्वानांच्या सभेंत बसून हे दाखले सुचत नाहींत. ज्यानें आईला पीठ मळतांना आणि ठिगळ लावितांना जवळ बसून पाहिलें, त्यालाच ते सुचतात. ज्या राज्याचीं रहस्यें शास्त्र्यांस कळलीं नाहींत, तीं त्यानें चुलीच्या व जात्याच्या भाषेंत बायामाणसांस समजावून दिलीं.

आतां नासरेथाहून आपण आपल्या गांवीं येऊं.

गांवांतील कोणत्याही ख्रिस्ती घरांत पहांटे प्रथम कोण उठतें? आई. ती अंगण झाडून सडा घालते, चूल पेटविते, पाणी आणिते, भाकऱ्या थापिते. मग शेतावर मजुरीस जाते, आणि दिवस मावळतां परत येऊन पुन्हां चुलीपुढें बसते. मुलगी तिच्या पाठोपाठ असते. मुलगा ओट्यावर असतो, किंवा देवळापुढच्या पारावर असतो, किंवा हातांत मोबाईल घेऊन भिंतीला टेकलेला असतो, आणि तेथूनच तो म्हणतो, "आई, पाणी दे." आई हातांतली भाकरी टाकून उठते व त्यास पाणी देते. २०१९ सालीं केंद्र सरकारनें लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटें त्या कामांत घालवितात, आणि जे पुरुष घरकामाला हात लावितात ते ९७ मिनिटें, असें तींत आढळलें. घरकामास हात लावणारे पुरुषच मुळीं शंभरांत सव्वीस निघाले. ह्या हिशेबांत आपलीं ख्रिस्ती घरें निराळीं आहेत, असें आपणांस छातीवर हात ठेवून म्हणतां येईल काय?

मुलांनीं घरकामास हात लावावा असें म्हटलें, म्हणजे मंडळींतून तीन आक्षेप निघतात. ते तिन्ही मीं पुष्कळ घरांत ऐकिले आहेत, आणि त्यांतील एकही हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

पहिला आक्षेप आपल्या वडील माणसांचा आहे, आणि तो मोठ्या दुःखांतून आलेला आहे. एक वृद्ध बंधु मला म्हणाले, "पाळकसाहेब, माझा बाप चावडी झाडीत असे. साहेबाच्या घोड्यापुढें धांवत असे. कोणाच्याही घरचीं लांकडें फोडून देत असे, आणि त्याबद्दल शिळी भाकर आणीत असे. मी प्रभूच्या मंडळींत आलों तो माझ्या पोरांच्या हातांत झाडू नको म्हणून. आणि तुम्ही आज पुन्हां झाडूचाच उपदेश करितां?"

बंधुजनहो, हें ऐकून मी बराच वेळ गप्प राहिलों. वेठ काय असते तें ज्यानें भोगिलें त्यालाच ठाऊक. त्या वतनाच्या बेड्या तोडण्यासाठीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत विधेयक आणिलें होतें, आणि तीं कनिष्ठ वतनें कायद्यानें नाहींशीं होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. ती वेठ गेली हें देवाचें उपकारकार्यच झालें. ती कोणत्याही रूपानें परत येऊं नये म्हणून आपण जागें राहिलें पाहिजे.

परंतु शास्त्रांतही वेठींतून सुटलेलें एक राष्ट्र आहे, तें आपण पाहूं. इस्राएल लोक मिसरांत फारोची वेठ करीत होते. चिखल तुडवून विटा पाडण्यांत त्यांचे जीव कडू झाले होते. देवानें त्यांचा आक्रोश ऐकिला व त्यांस बाहेर काढिलें. आतां तांबडा समुद्र ओलांडल्यावर देवानें त्यांस असें सांगितलें काय कीं, तुमचे हात पुष्कळ राबले, आतां तुम्ही बसून खा? नाहीं. मान्ना आकाशांतून पडे खरा, पण तो ज्यानें त्यानें रोज सकाळीं उठून वेंचावा लागे (निर्गम १६ : २१). आणि पुढें निवासमंडप उभारावयाचा झाला, तेव्हां ज्यांच्या मनास स्फूर्ति झाली ते आपण होऊन पुढें आले. बायकांनीं आपल्या हातांनीं सूत कातून आणिलें, कुशल कारागिरांनीं लांकूड व धातु घडविले (निर्गम ३५ : २१–२६). हात तेच होते. मिसरांत ते मारणाऱ्या धन्यासाठीं, भीतीनें व निरुपायानें हलत होते. रानांत ते देवासाठीं व आपल्या लोकांसाठीं, प्रीतीनें हलूं लागले. देवानें त्यांची वेठ काढून घेतली आणि तिच्या जागीं त्यांस सेवा दिली.

म्हणून त्या वृद्ध बंधूंस मीं इतकेंच म्हटलें कीं, "दादा, तुमच्या बापाच्या हातांत दुसऱ्याच्या चावडीचा झाडू जबरदस्तीनें दिला होता, तो तुम्ही फेंकून दिलात तें योग्यच केलें. पण तुमच्या घरांत रोज कोणीतरी झाडतेंच. तो झाडू कोणाच्या हातांत आहे?" त्यांनीं आंत पाहिलें. सून केर काढीत होती. तिच्या कडेवर मूल होतें. जी वेठ आपण गांवाच्या वेशीबाहेर टाकिली, ती आपल्याच घरांतील एका माणसाच्या डोक्यावर ठेवून आपण मोकळे झालों आहों कीं काय, हा प्रश्न प्रत्येकानें आपल्या मनाला विचारावा. कामाचा भार वांटून घेतला तर ती सेवा होते. तो सारा एकट्यावर टाकिला तर, तेंच काम आणि तेंच घर असूनही, ती वेठ होते.

दुसरा आक्षेप शिकलेल्या आईबापांचा आहे. ते म्हणतात, "मुलानें अभ्यास करावा कीं भांडीं घासावीं? आम्ही त्यास मोठा करण्यासाठीं शाळेंत घातलें आहे." मुलांस मोठें करण्याची इच्छा चांगलीच आहे. पण दावीदाकडे पाहा. शमुवेल संदेष्ट्यानें त्यास राजा होण्यासाठीं तेलाचा अभिषेक केला, आणि त्यानंतरही तो बापाचीं मेंढरें राखीत होता. भावांसाठीं हुरडा, भाकरी आणि पनीर पोंचवावयास बापानें सांगितलें, तेव्हां भल्या पहांटे उठून निघाला (१ शमुवेल १७ : १५–२०). ह्याच निरोप्याच्या वाटेवर त्यास गल्याथ भेटला. मी राजा होणार, मीं भाकऱ्या कां वाहाव्या, असें म्हणून तो घरीं बसता तर?

प्रेषित पौल गमलियेलाच्या चरणांपाशीं शिकलेला होता, तरी त्यास राहुट्या करण्याचा धंदा येत होता, आणि करिंथांत तो त्यावर पोट भरीत असे (प्रेषितांचीं कृत्यें १८ : ३). यहूदी गुरूंची शिकवण अशी असे कीं, बापानें मुलास शास्त्र शिकवावें तसा हाताचा धंदाही शिकवावा; जो शिकवीत नाहीं, तो मुलास चोरीच शिकवितो. आपल्या मराठी भाषेवर ज्यांचे उपकार आहेत ते विल्यम केरी तरुणपणीं जोडे शिवीत असत. पुढें त्यांनींच १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापलें, व १८११ सालीं मराठी नवा करार प्रसिद्ध केला. आणि दूर कशाला जावें? केडगांवास पंडिता रमाबाईंनीं दुष्काळांतून वांचविलेल्या अनाथ मुलींस अक्षरें शिकविलीं, त्याबरोबर स्वयंपाक, विणकाम, शिवणकाम आणि शेतकीही शिकविली. रमाबाई संस्कृताच्या पंडिता. त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून शास्त्राचें मराठी भाषांतर केलें, आणि तें मुक्तिसदनाच्याच छापखान्यांत तेथल्या बायकामुलींच्या हातांनीं जुळविलें व छापिलें गेलें. ज्या हातांनीं सकाळीं पीठ मळिलें, त्याच हातांनीं देवाच्या वचनाचे खिळे जुळविले. विद्येनें त्या हातांस काम करण्याची लाज शिकविली नाहीं, आणि कामानेंही त्यांस विद्येपासून दूर ठेविलें नाहीं.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्यानें बोलत नाहीं, पण तो आपल्या सर्वांच्या मनांत आहे. तो असा कीं, घरकाम हें मुलींचें व बायकांचें आहे. ह्या बाबतींत दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वीं मीं स्वतःचा दोष सांगितला पाहिजे.

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. मी तेव्हां एका लहान मंडळींत उपदेशक होतों. आम्हांस दहा वर्षांचा मुलगा व आठ वर्षांची मुलगी होती. एका पावसाळ्यांत त्यांच्या आईस हिंवताप आला, आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं घरांत पाण्याचा थेंब राहिला नाहीं. मुलीला हंडा उचलेना, म्हणून ती कळशी घेऊन चिखलांतून हापशावर गेली. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेस ती दारांतच घसरून पडली, पाणी सांडलें, आणि तिचा गुडघा फुटला. मुलगा ओट्यावर पुस्तक वाचीत बसला होता. मला राग आला. मीं म्हटलें, "अरे, बहीण पडेपर्यंत पाणी वाहते, आणि तूं बसून पाहतोस?" तो उद्धट मुलगा नव्हता. खरोखरच न समजून विचारावें तसें त्यानें विचारिलें, "बाबा, पाणी आणणें बायकांचें काम ना? तुम्ही कुठें कधीं आणतां?"

मला उत्तर देतां येईना. त्याच आठवड्याच्या रविवारीं मीं योहानाच्या तेराव्या अध्यायावर उपदेश केला होता. प्रभूनें कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, हें मीं सांगितलें होतें, आणि ऐकणाऱ्यांपैकीं कांहींजणींनीं डोळेही पुसले होते. त्या अध्यायांत असेंही आहे कीं, घंगाळांत पाणी त्यानें स्वतःच ओतिलें. त्यासाठीं त्यानें कोणा बाईस हांक मारिली नाहीं. तें वचन मीं वाचलें होतें, पण माझ्या मुलानें त्या दिवशीं मला तें शिकविलें.

मीं हंडा उचलिला व बाहेर पडलों. हापशावर बायकांची गर्दी होती. एकीनें पदर तोंडाला लाविला. एक म्हातारी बाई कळवळून म्हणाली, "मास्तर, बाईंना बरं नाहीं का? ठेवा तो हंडा, मी आणून देतें." मीं म्हटलें, "नको आई, मलाच नेऊं द्या." घर तेथून शंभर दीडशें पावलांवर असेल, परंतु लाजेनें मला तें कोसभर दूर वाटलें. दुसऱ्या खेपेस मागें वळून पाहतों तों मुलगा कळशी घेऊन माझ्या मागून येत होता. मीं त्यास हांक मारिली नव्हती. घरीं आल्यावर त्यांची आई अंथरुणावरूनच म्हणाली, "आज तुमचा उपदेश मला समजला."

तेव्हांपासून माझी अशी खात्री झाली आहे कीं, मुलें आपलें ऐकतात त्यापेक्षां आपणांस पाहतात फार. ज्या घरांत बाप आपलें ताट उचलीत नाहीं, त्या घरांत मुलगा ताट उचलीत नाहीं, आणि अशा मुलाच्या घरीं पुढें जी सून येईल तिचें दुःख आजच ठरून गेलें आहे. उपदेशक बंधूंनो, ह्यांत आपली जबाबदारी मोठी आहे. गांव आपला उपदेश आठवड्यांतून एकदां ऐकतो, पण आपलें घर रोज पाहतो.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे; नाहींतर ह्या उपदेशाचा उलटा उपयोग होईल. मुलांनीं मदत करावी ह्याचा अर्थ मुलांवर घर टाकावें असा नाहीं. आठ दहा वर्षांच्या मुलीस शाळेंतून काढून तान्ह्या भावंडाजवळ बसविणें, कापूस वेंचण्याच्या दिवसांत मुलांस महिना महिना शाळा बुडवावयास लावणें, ऊसतोडीस नेऊन त्यांचें वर्ष घालविणें, ह्यास मदत म्हणत नाहींत. २००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क मिळाला आहे. बालमजुरीच्या कायद्यांत २०१६ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनेंही मुलास घरच्यांस मदत करण्याची मोकळीक ठेविली आहे ती शाळा सुटल्यानंतर किंवा सुट्टीच्या दिवसांत, आणि जीं कामें धोक्याचीं नाहींत त्यांपुरतीच. शिवाय ज्या पौलानें मुलांस आईबापांच्या आज्ञेंत राहावयास सांगितलें, त्यानेंच पुढच्याच वचनांत बापांस बजाविलें कीं, मुलांस चिडवूं नका, तीं खचून जातील (कलस्सै ३ : २०, २१). पहिलें वचन भिंतीवर लावावयाचें आणि दुसरें झांकून ठेवावयाचें, असें आईबापांनीं करूं नये.

मग मुलांस कामाची गोडी कशी लावावी? अनुभवानें कळलेल्या कांहीं गोष्टी सांगतों.

पहिली ही कीं, आरंभ लौकर करावा. चार वर्षांचें मूल आपण होऊन आईच्या हातांतला झाडू ओढतें. आपण म्हणतों, "जा, मध्यें मध्यें करूं नकोस." तेंच मूल बारा वर्षांचें झालें म्हणजे आपण त्यास काम सांगतों, आणि तें उठत नाहीं म्हणून रडतों. त्या लहानग्यास कोंबड्यांपुढें दाणे टाकूं द्यावे, जेवणाच्या वेळीं पेले मांडूं द्यावे. सात आठ वर्षांच्या मुलास केर काढतां येतो, डाळ निवडतां येते, अंथरुणांच्या घड्या घालतां येतात. दहा बारा वर्षांचीं मुलें गिरणीवरून दळण आणितील, भांडीं घासतील, शेळीला पाला घालतील, आणि आई जवळ बसली तर भाकरीही थापतील. विहीर, विस्तव व विळा ह्यांपाशीं मात्र मोठें माणूस जवळ असावें.

दुसरी गोष्ट, आधीं आपण करून दाखवावें, मग बरोबर करावें, आणि मग मुलास करूं द्यावें. त्याची पहिली भाकरी वेडीवांकडी होईल. ती बापानें आनंदानें खावी. भांड्याला खरकटें राहिलें तर तें पुन्हां घासण्यास प्रेमानें सांगावें. पुष्कळ आया म्हणतात, "राहूं दे, मीच करतें, तुझ्यानें कांहीं होत नाहीं." त्यांत वेळ वांचतो खरा, परंतु मूल हातचें जातें.

तिसरी गोष्ट, प्रत्येक मुलास एक काम त्याचें म्हणून द्यावें. कोंबड्या डालणें हें त्याचें काम असेल, तर एखाद्या रात्रीं तो विसरला व मांजरानें पिल्लूं नेलें तरी रागावून तें काम काढून घेऊं नये. त्या एका पिल्लानें त्यास विश्वासूपण शिकविलें असें समजावें. थोडक्यांत जो विश्वासू तो पुष्कळांतही विश्वासू, हा धडा प्रभूनेंच शिकविला आहे (लूक १६ : १०).

चौथी गोष्ट, काम हें कधीं शिक्षा म्हणून देऊं नये. "खोटें बोललास, आतां सर्व भांडीं घांस," असें म्हटलें म्हणजे मुलगा मनांत असा धडा घेतो कीं, भांडीं घासणें हा गुन्हेगाराचा भोग आहे. मग रोज भांडीं घासणारी आपली आई कोणता गुन्हा करिते? शिक्षा द्यावयाची तर दुसरी द्यावी. तसेंच घरच्या कामाचे पैसेही देऊं नयेत. पुत्र हा मजूर नव्हे. त्यास मजुरी न देतां आभार द्यावे, आणि रात्रींच्या प्रार्थनेंत त्याच्या कामाचें नांव घ्यावें. "प्रभो, आज ह्यानें आजीला पाणी तापवून दिलें, ह्यास आशीर्वाद दे," एवढें एक वाक्य बापाच्या तोंडून ऐकिलेलें मूल म्हातारपणींही विसरत नाहीं.

पांचवी आणि शेवटची गोष्ट, मुलगा व मुलगी असा भेद करूं नये. मुलीनें भांडीं घासावीं आणि मुलानें अभ्यास करावा, असें ज्या घरांत चालतें तेथें दोघांचेंही नुकसान होतें. अर्धीं त्यानें, अर्धीं तिनें घासावीं. मग दोघांसही अभ्यासाला सारखा वेळ मिळेल.

मंडळींतही ह्याचा आरंभ करतां येईल. शनिवारीं सायंकाळीं उपासनामंदिर झाडण्यास, सतरंज्या अंथरण्यास, पाण्याचा माठ भरण्यास मुलांमुलींच्या पाळ्या लावाव्या, आणि पहिल्या पाळीस उपदेशकानें स्वतः त्यांच्याबरोबर असावें. बाळ शमुवेलाची गोष्ट आपण सर्वांस सांगतों. रात्रीं देवानें त्यास तीन वेळां हांक मारिली, आणि चौथ्या वेळीं त्याच्याशीं बोलला. पण सकाळ झाल्यावर त्यानें काय केलें? उठून परमेश्वराच्या मंदिराचीं दारें उघडिलीं (१ शमुवेल ३ : १५). रात्रभर देवाची वाणी ऐकिलेल्या मुलानें सकाळीं आपलें रोजचें काम सोडिलें नाहीं. देवाची हांक ऐकणें आणि दारें उघडणें हीं दोन्ही एकाच मुलाचीं कामें होतीं.

मुलामुलींनो, आतां दोन शब्द तुमच्यासाठीं. काना गांवच्या लग्नांत द्राक्षारस सरला, तेव्हां प्रभूनें चाकरांस सांगून दगडी रांजण पाण्यानें भरविले. त्यांनीं ते कांठोकांठ भरिले. पुढें पाण्याचा द्राक्षारस झाला. भोजनकारभाऱ्यानें तो चाखिला, पण तो कोठून आला हें त्यास कळलें नाहीं. तें कोणास ठाऊक होतें? ज्या चाकरांनीं पाणी काढिलें होतें त्यांस (योहान २ : ९). मानाच्या पाटावर बसलेल्यांस चमत्कार कळला नाहीं, तो पाणी भरणाऱ्यांस कळला. तुम्ही आईच्या हातांतली कळशी घ्याल, तेव्हां हें आठवा. आणि हेंही आठवा कीं, मरणांतून उठलेला, ज्यास स्वर्गांत व पृथ्वीवर सर्व अधिकार मिळाला तो प्रभु, एका पहांटे सरोवराच्या कांठीं कोळशांचा विस्तव पेटवून थकलेल्या मित्रांसाठीं मासळी भाजीत होता (योहान २१ : ९). जें काम त्यास हलकें वाटलें नाहीं, तें आपल्यांतील कोणास हलकें वाटावें?

बंधुभगिनींनो, आज घरीं गेल्यावर दुसरें कांहीं करूं नका. जेवण झाल्यावर बापानें प्रथम आपलें ताट उचलावें. मग मुलगा काय करितो तें पाहावें.

प्रार्थना : हे देवबापा, तुझ्या पुत्रानें नासरेथच्या घरांत राहून आमचीं घरें पवित्र केलीं, म्हणून आम्ही तुझे आभार मानितों. आमच्या वडिलांची वेठ तूं मोडिलीस. आतां आमच्या घरांत कोणाच्याही माथीं ती राहूं देऊं नकोस. आमच्या थकलेल्या मातांस विसांवा दे, आमच्या मुलांच्या हातांस प्रीति दे, आणि आम्हां बापांची लाज काढून टाक. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.